बॅरी सँडर्स : विक्रम एका हंगामावर आला असताना थांबलेला रनिंग बॅक

नोव्हीकर

जुलै 1999 संपत आला होता. कॅन्सस राज्यातल्या 'विचिटा ईगल' या वर्तमानपत्राच्या कचेरीत एक फॅक्स येऊन पडला. पाठवणारा त्याच गावात वाढलेला बॅरी सँडर्स, डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, नुकतीच एकतिशी गाठलेला. मजकुराचा गाभा एवढाच, की खेळत राहण्यापेक्षा खेळातून बाहेर पडण्याची इच्छा आता जास्त आहे, म्हणून मी निवृत्त होतोय. पत्रकार परिषद नाही, निरोपाचा सामना नाही. गावभर बोभाटा झाला तोवर स्वारी लंडनला पोहोचलीसुद्धा. वॉल्टर पेटनचा कारकिर्दीत धावून काढलेल्या 16,726 यार्डांचा विक्रम गाठायला त्याला तेव्हा जेमतेम 1,457 यार्ड कमी होते. त्याच्या नेहमीच्या गतीने एका हंगामाचं काम.

आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. गाड्यांच्या कंपन्यांत नोकरीसाठी आलेली आपली बरीच मंडळी इथे आहेत आणि हिवाळ्यातल्या रविवारी लायन्सचा सामना लागला की बॅरीचा विषय अजूनही निघतो. "असं कुणी सोडतं का?" हा प्रश्न ठरलेला. माझं म्हणणं असं, की त्याची सगळी कारकीर्द नीट पाहिली तर या फॅक्सचं फारसं नवल वाटत नाही. ते सविस्तर मांडावं म्हणून हा धागा.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मैदान 100 यार्ड लांब. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं असतं, जमलं की पुन्हा चार प्रयत्न. क्वार्टरबॅक एकतर चेंडू लांब फेकतो, नाहीतर मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. पुढचे पाच लाइनमन अंगाने रेटून वाट मोकळी करतात आणि रनिंग बॅकने त्या फटीतून घुसायचं. फट अर्ध्या सेकंदात मिटते. समोरचे अकरा जण त्याला आडवं करायलाच उभे असतात आणि हे एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा होतं. म्हणूनच या जागेवरचे बहुतेक खेळाडू तिशीच्या आसपास संपतात.

बॅरी 1968 चा. वडील विल्यम घरांची छपरं घालायचे, सुतारकाम करायचे, अकरा भावंडं. पोरंही बापाबरोबर छपरावर चढायची. उंची फक्त 5 फूट 8 इंच, त्यामुळे शाळेच्या संघात शेवटच्या वर्षापर्यंत मुख्य रनिंग बॅकची जागाच मिळाली नाही. चौथ्या सामन्यात ती मिळाली आणि उरलेल्या सात सामन्यांत त्याने 1,417 यार्ड काढले. शेवटच्या सामन्यात शहरातला धावून सर्वाधिक यार्ड काढण्याचा मान अगदी हाताशी होता. सामना खिशात होता. हा मैदानात परत गेलाच नाही, धाकट्या मुलांना खेळू द्या म्हणाला.

ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात दोन वर्षं थर्मन थॉमससारख्या तगड्या खेळाडूच्या मागे राखीव म्हणून काढली. 1988 मध्ये संधी मिळाली तेव्हा 11 सामन्यांत 2,628 यार्ड आणि 37 टचडाउन (चेंडू घेऊन समोरची गोलरेषा ओलांडणं). कॉलेज फुटबॉलमध्ये एका हंगामात एवढे यार्ड आजवर कुणाच्याही नावावर नाहीत. आणि यात हंगामानंतरच्या हॉलिडे बोल सामन्यातले 222 यार्ड धरलेलेच नाहीत, कारण तेव्हा बोल सामन्यांचे आकडे अधिकृत हिशेबात घेत नसत. कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी त्याला जाहीर झाली तेव्हा तो एका सामन्यासाठी टोकियोत होता.

1989 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, लायन्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच हंगामात 1,470 यार्ड. शेवटच्या सामन्यात समजलं, की आणखी 10 यार्ड काढले तर कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेशी बरोबरी, 11 काढले तर लीगमध्ये पहिला. प्रशिक्षक वेन फाँटिस यांनी विचारलं, जातोस का? नको म्हणाला. सामना जिंकलाय, घरी जाऊ. आता ही गोष्ट शाळेतल्या त्या सामन्याशेजारी ठेवून बघा. पोरगा वीस-एकवीस वर्षांचा, पहिलं वर्ष, आणि दोन धावांवर असलेला किताब सोडून देतो. दहा वर्षांनी त्याने पेटनचा विक्रम सोडला तेव्हा लोक चक्रावले, पण माणूस तोच होता.

टचडाउननंतरही तसाच. ना नाच, ना चेंडू जमिनीवर आपटणं. चेंडू पंचाच्या हातात द्यायचा आणि चालू पडायचं. 10 हंगामांत 99 वेळा धावून टचडाउन, 99 वेळा हेच.

या दहा हंगामांत एकदाही 1,000 यार्डांच्या खाली आला नाही. गुडघा दुखावल्यामुळे 1993 मध्ये 11 च सामने खेळला, तरी 1,115. दहाही वर्षं प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. एकूण 15,269 यार्ड, दर धावेला सरासरी 5. आणि एवढं सगळं करून प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, विजय किती? एक. जानेवारी 1992 मध्ये डॅलसला 38-6 असं धुतलं, पुढच्या आठवड्यात वॉशिंग्टनकडून 41-10 ने मार खाल्ला. त्यानंतर 1993, 94, 95 आणि 97 मध्ये प्लेऑफ गाठलं आणि चारही वेळा पहिल्याच सामन्यात गाशा गुंडाळला. 1998 ला तर 5 विजय, 11 पराभव.

माझ्या मते त्याला जिंकायचं होतं, आणि या संघाबरोबर ते होणार नाही याची खात्री पटल्यावर यार्ड जमवण्यासाठी थांबावं असं त्याला वाटलं नाही. 2003 मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्यानेही हरण्याच्या त्या सवयीकडेच बोट दाखवलं आहे.

तुम्हाला काय वाटतं?

---

कृष्णाकाठ

लेख आवडला. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण तुमचं वाचून त्याचे व्हिडिओ लावले आणि तासभर उठलोच नाही. मी तालुका पातळीपर्यंत कबड्डी खेळलोय. चढाईला गेलेला खेळाडू कोपरारक्षकाला एका खांद्याने हूल देतो आणि दुसऱ्या बाजूने सटकतो, नेमकं तेच! एका धावेत समोरचा गडी गिरकी घेऊन भलतीकडेच तोंड करून उभा राहिला आणि हा त्याच्या पाठीमागून निघून गेला. तो सामना कुठला?

एक शंका. काही धावांत तो मागे मागे जाताना दिसतो, आणि मागेच धरला जातो. मग ते यार्ड वजा होतात का?

---

नोव्हीकर

@कृष्णाकाठ, तो 1994 चा न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धचा सामना, गिरकी घेणारा हार्लन बार्नेट. ती धाव 39 यार्डांची, थेट टचडाउन. बॅरीचे पाय बघा, अंग नका बघू. डावा पाय रोवतो तेव्हा गुडघा इतका वाकलेला असतो की मांडी जवळजवळ जमिनीला समांतर जाते. बार्नेट त्या पायाला भुलतो, कारण एवढ्या खोल रोवलेल्या पायावरून पुन्हा उलट दिशेला उसळता येतं हे त्याने आधी पाहिलेलंच नसतं.

आणि हो, यार्ड वजा होतात. त्याच्या खेळाची किंमतच ती. दुसरा कुणी दोन यार्ड पदरात पाडून खाली बसला असता तिथे हा मागे वळून मैदानाच्या दुसऱ्या बाजूने वाट शोधायचा. कधी 60 यार्ड मिळायचे, कधी उणे 4. सगळ्यात वाईट दिवस 31 डिसेंबर 1994 चा. ग्रीन बे इथे प्लेऑफचा सामना. त्या हंगामात त्याचे 1,883 यार्ड होते, लीगमध्ये सर्वाधिक. त्या दिवशी 13 धावा आणि एकूण उणे 1 यार्ड. लायन्स 16-12 ने हरले.

---

जुनाजाणता

इथेच माझा मुद्दा येतो. डॅलसचा रनिंग बॅक एमिट स्मिथ, त्याला लोक कमी लेखतात, कारण त्याच्यासमोर डॅलसच्या लाइनमनची भक्कम फळी होती. पण रनिंग बॅकचं काम काय? दुसऱ्या प्रयत्नात 7 यार्ड हवे असतील तर 4 मिळवून द्यायचे, म्हणजे तिसरा सोपा जातो. एमिट ते दर आठवड्याला करायचा. 18,355 यार्ड, धावून 164 टचडाउन, तीन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना). पेटनचा विक्रम त्यानेच ऑक्टोबर 2002 मध्ये मोडला. गोलरेषेजवळ आल्यावर लायन्स बऱ्याचदा बॅरीला बाहेर बसवायचे, ते उगीच नाही.

बॅरी बघायला अप्रतिम, वाद नाही. पण सामना जिंकायला मी एमिट घेईन.

---

नोव्हीकर

@जुनाजाणता, एमिटबद्दल मलाही आदर आहे, खांदा निखळलेला असताना त्याने जायंट्सविरुद्ध काढलेला सामना कोण विसरेल! पण धावांची संख्याही बघा ना. एमिट 4,409 वेळा धावला, बॅरी 3,062 वेळा. म्हणजे जवळजवळ साडेतेराशे धावा कमी. एमिटची सरासरी 4.2, बॅरीची 5.

आणि लाइनचं म्हणाल तर सुरुवातीची कित्येक वर्षं लायन्स चार रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) पसरून उभे करायचे. बॅरीच्या पुढे वाट काढून द्यायला फुलबॅक नसायचाच. 1997 मध्ये बॉबी रॉस प्रशिक्षक म्हणून आले. पहिल्या दोन सामन्यांत बॅरीचे मिळून 53 यार्ड. मग त्याच्यापुढे टॉमी वार्डेल या फुलबॅकला उभं केलं आणि पुढचे सलग 14 सामने दर सामन्यात 100 च्या वर! हंगामअखेर 2,053. ओ. जे. सिम्पसन आणि एरिक डिकरसन यांच्यानंतर 2,000 ओलांडणारा तिसराच. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला आणि ब्रेट फार्व्हला विभागून मिळाला. एक साधा बदल आठ वर्षं आधी केला असता तर काय झालं असतं, याची मला आजही हळहळ वाटते.

---

आडवाटेचा

सगळं मान्य, पण मला त्याचं जाणं पटत नाही. 1997 मध्ये त्याने सहा वर्षांचा करार केला, सही करताना मोठा बोनस घेतला. फॅक्समध्ये त्यानेच लिहिलंय, की मागचा हंगाम संपल्यानंतर लवकरच आपण परत येणार नाही असं वाटू लागलं होतं. मग ते जानेवारीत का नाही सांगितलं? एप्रिलमध्ये ड्राफ्ट असतो, संघाने दुसरा रनिंग बॅक घेतला असता. याने सराव शिबिर तोंडावर आलं असताना सांगितलं. सोबतच्या पन्नास खेळाडूंची वर्षभराची मेहनतही त्यात अडकलेली असते.

आणि एक आठवण करून देतो. 1999 मध्ये बॅरीशिवाय लायन्सनी 8 सामने जिंकले आणि प्लेऑफ गाठलं. तो असता तर वॉशिंग्टनमधला तो सामना कदाचित जिंकले असते.

---

नोव्हीकर

@आडवाटेचा, वेळेबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. एप्रिलपूर्वी सांगायला हवं होतं. संघाने बोनसचा काही भाग परत मागितला, प्रकरण लवादाकडे गेलं आणि लवादाने संघाच्या बाजूने निकाल दिला, तोही मला चुकीचा वाटत नाही.

पण संघानेही त्याच्याशी कसं वागावं? 1995 नंतर लोमस ब्राउनसारखा डावा टॅकल, म्हणजे कडेचा लाइनमन, हातचा घालवला. बचावातला ख्रिस स्पीलमन 1996 ला बफेलोला गेला. 1997 च्या 2,053 यार्डांत ज्याचा सिंहाचा वाटा होता तो सेंटर (मधला लाइनमन) केव्हिन ग्लोव्हर, बॅरीचा जिवलग मित्र, त्याला पुढच्याच वर्षी जाऊ दिलं. ग्लोव्हरच्या जाण्याने बॅरीला संघ जिंकण्याबद्दल गंभीर नाही असं वाटलं. मला तर 1999 पेक्षा 1998 चा उन्हाळा जास्त महत्त्वाचा वाटतो. निर्णय तिथेच झाला असावा.

---

सदाफुली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. तुम्ही ज्या पायाचं वर्णन केलंत तो व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. पूर्ण वेगात असताना एका पायावर सगळा भार घेऊन दिशा बदलायची, तीही पाय असा रोवून! गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधांवर केवढा ताण येत असेल. दहा वर्षांत त्याचा एकच हंगाम दुखापतीने अर्धवट राहिला, हे आश्चर्य आहे. मांड्यांची ताकद जबरदस्त असणार.

पण मला दुसरंच विचारायचं आहे. सोबतच्या खेळाडूंच्या दुखापतींचा त्याच्या मनावर परिणाम झाला नसेल का? मी माझ्या कामात पाहते, एखाद्या मुलाचा गुडघा गेला की शेजारी उभा असलेला मुलगाही पुढचे काही महिने अंग चोरून खेळतो.

---

नोव्हीकर

@सदाफुली ताई, फार नेमका प्रश्न. नोव्हेंबर 1991 मध्ये लायन्सचा गार्ड (सेंटरशेजारचा लाइनमन) माइक अटली मैदानात कोसळला. मानेला इजा, छातीखालचं शरीर लुळं. स्ट्रेचरवरून नेताना त्याने अंगठा वर करून दाखवला आणि संघ उरलेला हंगाम त्या अंगठ्यासाठी खेळला. प्लेऑफमधला तो एकुलता एक विजय त्याच हंगामातला. पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या बाजूचा गार्ड एरिक अँडोल्सेक लुइझियानात स्वतःच्या घराच्या अंगणात काम करत असताना रस्ता सोडून आलेल्या ट्रकखाली गेला. म्हणजे बॅरीसमोर उभे राहणारे दोन्ही गार्ड सात महिन्यांत गेले, एक व्हीलचेअरवर, एक जगातूनच.

आणि 21 डिसेंबर 1997. पाँटिअॅकच्या सिल्व्हरडोममध्ये जेट्सविरुद्ध हंगामातला शेवटचा सामना. बॅरीला 2,000 साठी 131 यार्ड हवे होते. जिंकलं तरच प्लेऑफ. चौथ्या सत्रात लायन्सच्या बचावातला लाइनबॅकर रेगी ब्राउन समोरच्याला आडवं करताना पडला तो हललाच नाही. श्वास बंद. डॉक्टरांनी मैदानातच कृत्रिम श्वास देऊन त्याला परत आणलं. दोन्ही संघांचे खेळाडू गुडघे टेकून प्रार्थना करत होते. पुढे शस्त्रक्रिया झाली, ब्राउन चालू लागला, पण खेळ संपला. त्या दिवशी बॅरीने 184 यार्ड काढले, 2,000 पार केले, संघ 13-10 ने जिंकला. इतिहासात त्या दिवसाची नोंद 2,000 यार्डांसाठी आहे. त्या ड्रेसिंग रूममध्ये कुणाच्या डोक्यात आकडे असतील असं मला वाटत नाही.

---

फिलीवाला

मी तिशीतला, बॅरीला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेलं नाही. पण आमच्या फिलाडेल्फिया ईगल्सचा रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कली, त्याने 2024 च्या हंगामात 2,005 यार्ड काढले. डिकरसनचा 2,105 चा विक्रम मोडायला शेवटच्या सामन्यात 101 यार्ड हवे होते आणि प्रशिक्षकांनी त्याला बसवलं. प्लेऑफसाठी पाय ताजे हवेत म्हणून. सॅक्वॉननेही कुरकुर केली नाही. फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला. त्यामुळे मला वाटतं विक्रम सोडणं तितकं अवघड नसतं, बदल्यात काही मिळणार असेल तर. बॅरीला बदल्यात काहीच मिळणार नव्हतं, तरी त्याने सोडला. हा फरक मोठा आहे.

---

कृष्णाकाठ

पेटनबद्दल कुणी लिहीलंच नाही. त्याचा विक्रम मोडायचा नाही म्हणून बॅरी थांबला, असं एका व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत वाचलं. खरं आहे का?

---

नोव्हीकर

@कृष्णाकाठ, ही समजूत इथेही खूप ऐकू येते. पेटनने फेब्रुवारी 1999 मध्ये यकृताचा दुर्धर आजार झाल्याचं जाहीर केलं होतं आणि 1 नोव्हेंबर 1999 ला, वयाच्या 45 व्या वर्षी, तो गेला. तारखा जवळजवळ आल्या म्हणून लोकांनी दुवा जोडला. फॅक्समध्ये तसा शब्दही नाही, त्यामुळे हा हेतू बॅरीच्या पदरात टाकू नये असं मला वाटतं. त्याच्या घरात मोठा रनिंग बॅक म्हणजे जिम ब्राउन. वडील पोराच्या तोंडावर सांगायचे की सर्वांत भारी जिम ब्राउनच. त्याच वडिलांनी 2004 मध्ये हॉल ऑफ फेमच्या (महान खेळाडूंच्या सन्मानाच्या) समारंभात बॅरीला मंचावर आणलं.

@फिलीवाला, अगदी मनातलं बोललास.

---

आडवाटेचा

लायन्सशी त्याचं पुढे जुळलं ना? मागे लायन्सच्या फोर्ड फील्ड स्टेडियमच्या बाहेर त्याचा पुतळा पाहिला.

---

नोव्हीकर

हो, काही वर्षं अबोला होता, मग जुळलं. पुतळा सप्टेंबर 2023 चा. आणि योग असा, की त्याच हंगामात, 14 जानेवारी 2024 ला, लायन्सनी रॅम्सला 24-23 ने हरवलं. बॅरीच्या त्या डॅलसवरच्या विजयानंतरचा प्लेऑफमधला पहिला विजय, तब्बल 32 वर्षांनी. आमच्या गल्लीत रात्री उशिरापर्यंत गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

---

सदाफुली

नवख्या माणसाने त्याचा एकच सामना बघायचा तर कुठला बघावा?

---

नोव्हीकर

12 ऑक्टोबर 1997, टँपा बेविरुद्ध, त्यांच्या मैदानावर. त्या संघाच्या बचावात वॉरन सॅप, डेरिक ब्रूक्स आणि जॉन लिंच आहेत, तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. याच बचावाने महिनाभरापूर्वी बॅरीला 20 यार्डांवर रोखलं होतं. या सामन्यात त्याने 80 आणि 82 यार्डांच्या दोन धावा थेट टचडाउनपर्यंत नेल्या, एकूण 215 यार्ड. वार्डेल कुठे उभा आहे ते आधी शोधा, म्हणजे बॅरीला वाट कशी मिळाली ते कळेल.